पेन ड्राइव्हवरचा आवाज

काराकोल, १४ ऑगस्ट

प्रिय जिपारा,

परवा फोनवर तू विचारलंस, पेन ड्राइव्ह नीट ठेवलाय ना? मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. माझ्या शिवणाच्या डब्यात, तुझ्या बाबांच्या घड्याळाशेजारी तो आहे आणि डब्याला कुलूप आहे. पण तू विचारत होतीस ते वेगळंच होतं, हे मला कळत होतं. खरं बोलूनही फसवता येतं आणि ते पाप दुप्पट, असं सिस्टर ऑगस्टिना म्हणायच्या. बेळगावच्या कॉन्व्हेंटमधलं बरंचसं मी इथल्या चव्वेचाळीस वर्षांत विसरले, हे मात्र नाही विसरता आलं. म्हणून लिहायला बसले आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे, अक्षर लावत लावत वाच.

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाची, आशची, तयारी जोरात आहे. सहा ऑक्टोबर ठरली. जेवणासाठी कापायचा घोडा तुझ्या ओस्मोनकाकाने पाहून ठेवलाय. तुझ्या आत्याला तो पसंत नाही, फार म्हातारा आहे म्हणे. मी म्हटलं, तुमचा भाऊसुद्धा काही तरणाबांड नव्हता. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही आणि घरात जरा शांतता आहे. सफरचंदं यंदा भरपूर, पण वेचायला माणूस नाही. दर गुरुवारी मी तेल तापवून कणकेचे बोर्सोक तळते. तळणीचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो असं इथे सगळे मानतात. मी मानत नाही. तरी तळते.

आता मुद्द्यावर येते. तू पर्थला गेल्यावर तिसऱ्या वर्षी बाबांच्या हातांना कंप सुटला. जन्मभर हिमनदीत खांब रोवून तिचं आटणं मिलिमीटरमध्ये मोजलेला माणूस, त्याला चहाची वाटी धरता येईना. लिहिणं बंद, टाइप करणंही बंद. मग कुठून तरी त्यांनी ते टिपणं ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर शोधून काढलं. माइकसमोर बोलायचं, वर शीर्षक द्यायचं, झालं टिपण. आणि म्हणे सगळं पेन ड्राइव्हवर राहतं, खिशात घालावं आणि जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावावं. त्यांना कोण आनंद. मी म्हटलं, फुकट मिळतं ते कुठेतरी वसूल होतं. ते म्हणाले, तू प्रत्येक गोष्टीत मास्तरीण असतेस. माझं म्हणणं चूक आहे हे दाखवायला ते मला वाचनालयात घेऊन गेले, तिथल्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला आणि शीर्षकांची अख्खी यादी पडद्यावर आली. बघ, म्हणाले. मी बघितलं. वाचनालयात आवाज लावायचा नसतो, म्हणून आम्ही दोघांनी फक्त बघितलं.

रोज दुपारी जेवण झालं की ते खोलीत जात आणि दार लावून घेत. आतून पुटपुटणं ऐकू येई. हिमनदीबद्दलच असणार, असं मी धरून चालले. तुम्हा बापलेकींच्या भांडणानंतर दुसरा विषयच नव्हता ह्या घरात. मी दाराशी कधी उभी राहिले नाही. दुसऱ्याचं चोरून ऐकणं आम्हाला शिकवलंच नव्हतं. आज वाटतं, शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या भांडणाबद्दल मी तुला कधीच काही बोलले नाही. तू सोन्याच्या खाणीत नोकरी धरलीस, आणि ती खाण बर्फावर मुरूम टाकत होती. तू म्हणालीस, खाण थांबली तर खोऱ्यातली चारशे घरं काय खातील, ते त्यांनी सांगावं. ते म्हणाले, पाणी गेलं की खायला घरंच राहणार नाहीत. दोघंही माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून ओरडत होतात आणि माझी लापशी करपली. सहा वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत. मध्ये तू पर्थला गेलीस, तीही खाणच. मी टपालवाल्यासारखी इकडचं तिकडे सांगत राहिले आणि दोघांचं थोडं थोडं गाळत राहिले. ती माझी चूक. सगळं जसंच्या तसं पोचवलं असतं तर तुम्ही पुन्हा एकदा कडाकडा भांडला असतात आणि मोकळे झाला असतात.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात त्यांनी उशीखालून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला. "जिपाराला दे," म्हणाले. "तिच्याशी बोललोय. सगळं ह्यात आहे." मग बराच वेळ दम लागला होता. तू मातीला आली नाहीस. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि आजही विचारत नाही.

चाळिसाव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या वस्तू वाटतात, तुला माहीत आहे. ज्यांनी अंघोळ घातली त्यांना मान पहिला. ओस्मोनने बाबांना अंघोळ घातली होती. कोट, टोपी, बूट त्याला दिले आणि वर घरातला कॉम्प्युटरही दिला. तुझी आत्या म्हणाली, एवढी महागाची वस्तू कशाला देतेस? मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं, की माझ्या नवऱ्याचं होतं नव्हतं ते सारं माझ्या मुठीत आहे, हे नुसतं खोकं आहे. अगदी मान ताठ करून बोलले मी. त्याच संध्याकाळी तुला फोन केला, की बाबांनी तुझ्यासाठी आपला आवाज ठेवलाय, आशला ये आणि घेऊन जा. तू म्हणालीस, येते.

मी तो उघडला नाही. पहिल्यांदा तूच ऐकायचं होतंस. जूनमध्ये वाचनालयातली गुलसारा म्हणाली, असे पेन ड्राइव्ह एकाएकी मरतात आपा, एक प्रत करून ठेवा. मी म्हटलं, कर. यादी आली, अगदी तशीच. प्रत नीट झाली का हे बघायला तिने पहिल्या नावावर बोट टेकवलं. फाइल सापडत नाही. दुसऱ्यावर. फाइल सापडत नाही. एकशे सदतीस नावं आहेत, जिपारा. आम्ही एकशे सदतीस वेळा टेकवलं. मी गुलसाराला नको नको ते बोलले. तिला साधा कॉम्प्युटर चालवता येत नाही, तिला ग्रंथपाल कुणी केलं, असं सगळ्यांदेखत. ती बिचारी शेवटी म्हणाली, "आपा, ह्यात नुसती नावं आहेत. आवाज घरच्या कॉम्प्युटरमध्येच राहिलेत. तो आणा, दोन मिनिटांचं काम आहे."

मी वाचनालयातून तशीच ओस्मोनकडे गेले, जवळजवळ धावत, ह्या गुडघ्यांनी. त्याची सून कॉम्प्युटरवर शिवणाचे नमुने बघत होती. मी त्याला विचारलं, ह्यातलं जुनं कुठे आहे? तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं मी त्याची परीक्षा घेते आहे. छातीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, दादाला जसा धुतला तसाच हा पण धुऊन घेतला. बाजारातल्या पोराकडून सगळं पुसून घेतलं. गेलेल्या माणसाचं खासगी कुणी बघू नये. मी एक अक्षर पाहिलं नाही, शपथ."

मला लोकांना बोलता येतं, सगळं काराकोल जाणतं. पण मी म्हटलं, बरं केलंस ओस्मोन. त्याने चहा पाजला. तो मी प्याले.

मग सॉफ्टवेअर करणाऱ्यांना पत्र लिहिलं, माझ्या कॉन्व्हेंटी इंग्रजीत, चार पानी. कुठेही न्या म्हणून सांगता आणि नावं तेवढी नेता, माणूस मागे ठेवता, असं खरमरीत. दोन दिवसांत उत्तर आलं. कुणीतरी तरुण असावा, सभ्य. त्याला फार वाईट वाटलं होतं. आवाजाच्या फाइली कुठे ठेवायच्या ते निवडायला एक चौकट असते, तिच्यात खूण केली नाही तर त्या त्या कॉम्प्युटरवरच राहतात, असं मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे. त्याने ते पानही पाठवलं. तळाला आहे, बारीक अक्षरात. कंप सुटलेल्या हाताने बाबांनी तिथवर पान सरकवलं नसणार. आणि ओस्मोनच्या सुनेच्या कॉम्प्युटरमधून आता काहीच निघणार नाही, हे बिश्केकच्या दोन दुकानांनी मला सांगितलंय.

आता हे सगळं फोनवर न सांगता पत्रात का, ते सांगते. तू तिकीट काढलंस ते त्या आवाजासाठी, हे मला माहीत आहे. जुलैत मी एक वही आणली आणि एकेका नावाखाली ते काय म्हणाले असतील ते लिहू लागले. त्यांचं बोलणं मला पाठ आहे. कुठे थांबतील, कुठे चिडतील, सगळं. तुला सांगणार होते, की आवाज गेला पण मी आधीच ऐकून उतरवून घेतलं होतं. चाळीस पानं झाली. तुला कधीच कळलं नसतं. मग एकशे बाराव्या नावाशी आले. नाव आहे, "जिपाराचंच बरोबर होतं का?" शेजारी वेळ दिली आहे, सात मिनिटं अकरा सेकंद. मी खाली लिहिलं, हो. ते एक अक्षर लिहिलं आणि पुढे हात चालेना. सात मिनिटं तो माणूस तुझ्याशी बोलला आणि काय बोलला ते आता कुणालाही कळणार नाही. त्याचं 'हो' मी माझ्या हाताने तुला द्यायचं नाही, आणि त्याचं 'नाही'सुद्धा द्यायचं नाही. वही चुलीत घातली. फोनवर तू रडली असतीस तर मी ते वहीतलं खोटंच बोलून बसले असते, म्हणून कागदावर लिहिते आहे. सोबत एकशे सदतीस नावं आणि त्यांच्या वेळा उतरवून पाठवते. यातलं माझं काही नाही. त्यानंतरही यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तरी आत्याला मी काही बोलू देणार नाही.

ज्या हाताने ते देऊन टाकलं त्याच हाताने लिहिणारी, तुझीच,

आई