पॅसेंजर सुरू केल्याबद्दल जाहीर आभार

१२ ऑक्टोबर, रविवार
समितीची बैठक. हैदराबादची पॅसेंजर बंद केली, ती पुन्हा सुरू करा म्हणणारी समिती. जागा : अध्यक्षांचं मंगल कार्यालय, कारण आज तिथं लग्न नव्हतं. चहा बरा. बाकी सगळं नेहमीचं. बॅनरवर कुणाचा फोटो केवढा, यावरच सकाळ गेली. गाडीचा विषय निघाला तेव्हा अर्धे लोक चपला शोधत होते.

अध्यक्ष माझाच विद्यार्थी. गणितात काठावर पास, तोही माझ्या दयेने. आता पांढरे कपडे घालतो आणि 'मराठवाड्यावर अन्याय' हे दोन शब्द प्रत्येक वाक्यात बसवतो. या पॅसेंजरमध्ये तो कधी बसला होता का, असं विचारलं. म्हणाला, "बाई, लहानपणी बसलो असेन." असेन!

मी 'महिला प्रतिनिधी'. म्हणजे फोटोत एक साडी हवी.

रशीदभाई, चिकलठाण्याचे टायरवाले, एवढा एकच माणूस तिथं गाडीसाठी येतो. त्यांची लेक हैदराबादला दिली आहे. बाहेर पडताना म्हणाले, "बाई, इन लोगाँ को गाडी नक्को, फोटू होना."

१४ ऑक्टो., मंगळवार
अक्काचा फोन. तिचा प्रकाश तिला पुण्याला घेऊन जायचं म्हणतोय. शेत बटईनं द्यायचं, घराला कुलूप.

अक्का माझी थोरली बहीण. गाव टाकळी, मानवत रोड सोडलं की लागतं. स्टेशन कसलं, नुसतं हॉल्ट : एक बाक, एक कडुलिंब. पॅसेंजर तिथं थांबायची, दुसरी कुठलीच गाडी थांबत नाही. अक्का शेतातून थेट बाकावर, बाकावरून डब्यात, आणि मुकुंदवाडीला उतरून डोक्यावर गाठोडं घेऊन माझ्या दारात. भाजी, तूर, काय असेल ते. वानवळा आणल्याशिवाय बहिणीच्या घरी येऊ नये, हा तिचा नियम. एसटीचं मात्र नाव काढायचं नाही. तिला एसटी लागते. जालन्यापर्यंत पिवळी पडते. जीपमध्ये तर विचारूच नका.

आज म्हणाली, "संक्रांतीपस्तोर गाडी सुरू झाली तर म्या हितंच राहते. नाय झाली तर जाते पोरासंगं. हितं बसून कुनाची वाट बघू?"

पुण्यात तिसरा मजला. सून चांगली आहे, वाईट म्हणता येत नाही. पण अक्का तिथं खुर्चीत बसवलेली पाहुणी होणार. ते मला बघवणार नाही.

मी ठणकावून सांगितलं, होईल सुरू. कुणाच्या जिवावर? तर काठावर पास झालेल्याच्या.

२ नोव्हें., रविवार
मुकुंदवाडी स्टेशनवर रेल रोको. लिहायलाही लाज वाटते.

जी गाडी अडवायची, ती आलीच नाही. लेट. किती लेट ते कुणी सांगेना. तोवर पोहे झाले, चहा झाला, घोषणा झाल्या. पत्रकार मोबाइलवर क्रिकेट बघत बसले. शेवटी पलीकडच्या रुळावर एक मालगाडी सिग्नलला येऊन उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, चला. सगळे धावत तिच्यापुढं. उभी असलेली गाडी अडवली. वर ड्रायव्हर डबा उघडून जेवत होता. त्यानं चपाती हातात धरून आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा जेवायला लागला. सिग्नल पडल्यावर पोलीस म्हणाले, साहेब सरका. सरकले.

मी लांब बाकावर बसले होते, तरी फोटोत आले.

३ नोव्हें.
पेपरात : 'संतप्त आंदोलकांनी रेल्वे रोखली'. बरोबर आहे. सिग्नलचं नाव छापलं नाही एवढंच.

१८ नोव्हें., मंगळवार
शिष्टमंडळ रेल्वेच्या वरच्या साहेबांकडे. मी आणि रशीदभाई आदल्या दिवशी अध्यक्षांना बजावून आलो होतो : आधी छोट्या थांब्यांचं बोला. गाडी दिली आणि थांबे काढले तर ती गाडी काय चाटायची?

गेल्या गेल्या शाल निघाली. मग श्रीफळ. मग फेटा. साहेब परप्रांतातले, त्यांना कळेना आपण काय पराक्रम केला. अजून काही दिलेलं नाही, द्यायचं ठरलेलं नाही, आणि हे सत्कार करून मोकळे. आमच्याकडं माणूस समोर दिसला की खांद्यावर शाल टाकायचा हात शिवशिवतो. फेटा बसेना, तो बांधण्यात वेळ गेला. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा एकदा श्रीफळ दिलं.

साहेब म्हणाले, बघू, प्रतिसाद बघू. उठले. थांब्यांचं राहिलं. मी दारात गाठून बोलायला गेले तर अध्यक्षांनी कोपर धरलं. "बाई, पहिल्या भेटीत मागायचं नसतं." शाळेत हाच पोरगा उत्तर आधी लिहून गणित नंतर मांडायचा.

अक्काला फोनवर सांगितलं, काम पुढं सरकलं. ती म्हणाली, "व्हय का? बरं झालं गं." लगेच विश्वास ठेवते. राग येतो मला त्याचा.

५ डिसें., शुक्रवार
मिळाली. म्हणजे काय मिळालं ते ऐका. आठवड्यातून एक दिवस, रविवारी. नाव एक्सप्रेस, भाडंही एक्सप्रेसचं. चाचणीवर. थांबे मोजके : जालना, सेलू, परभणी आणि पुढची मोठी गावं. टाकळी नाही. टाकळीसारखं एकही नाही.

मागितली म्हैस, दिलं म्हशीचं चित्र. समितीनं चित्राला हार घातला. संध्याकाळपर्यंत चौकाचौकात बॅनर : 'अखेर मागणी मान्य! पॅसेंजर सुरू केल्याबद्दल जाहीर आभार.' खाली अध्यक्ष, हात जोडून. साहेबांचा फोटो फेट्यासकट.

मी फोन करून विचारलं, कुठली पॅसेंजर सुरू झाली रे? म्हणाला, "बाई, लोकांना एवढं बारीक कळत नाही." आणि म्हणाला, पहिल्या फेरीला तुम्ही औक्षणाला हव्यात, टाकळीचं मी बघतो, ड्रायव्हरशी बोलणं करतो, दोन मिनिटं थांबवतो, मग तोच पायंडा पडेल.

मला हे पटायला नको होतं. पटलं.

१९ डिसें., शुक्रवार
अक्काला कळवलं, रविवारी तुझ्या हॉल्टवर थांबेल. अर्ध्या गावाला सांगून आली ती. हुरडा आलाय म्हणे. भाजून, पुरचुंडी बांधून आणते, खिडकीतून देते, आणि डब्यात जागा असेल तर तशीच चढून परभणीला माझ्याबरोबर येते, संध्याकाळी दोघी रिक्षानं टाकळीला. चार दिवस राहा म्हणाली. असं खुशीत बोलताना तिला ऐकून बरेच दिवस झाले.

२१ डिसें., रविवार
नीट लिहून ठेवते.

सकाळी स्टेशनवर बँड. मी ताट घेऊन इंजिनापाशी. वाऱ्यानं निरांजन राहीना, रशीदभाईंनी आपली टोपी आडवी धरली. ड्रायव्हर तेलंगणातला, बिचारा वरून वाकला, मी कुंकू लावलं, त्याच्या भुवईला लागलं. नारळ फुटला, पाणी अध्यक्षांच्या पांढऱ्यावर. तेवढंच समाधान.

ड्रायव्हरला मीच विचारलं, टाकळीला थांबणार ना? त्याला प्रश्नच कळला नाही. कोण टाकळी, कसली टाकळी. त्याच्याशी कुणीही काहीही बोललेलं नव्हतं. अध्यक्षांकडं बघितलं. ते बाइट देत होते.

डब्यात बसल्यावर अक्काला फोन लावत राहिले. ती हॉल्टवर जाताना फोन घरीच ठेवते, हरवेल म्हणून.

मानवत रोड गेलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले. अध्यक्ष दुसऱ्या बाजूनं आले, कारण दार म्हणजे फोटो. टाकळी आली. सगळं गाव. हलगी वाजत होती, पोरं नाचत होती, सरपंचाच्या हातात हार. गाडीचा वेग तसूभर कमी झाला नाही. सरपंचानं हार फेकला, तो खाली गिट्टीवर. अध्यक्षांनी दोन्ही हात वर करून लोकांना दर्शन दिलं. खरंच दिलं. मी शेजारी उभी होते.

अक्का बाकापाशी होती. हिरवं लुगडं, छातीशी पुरचुंडी. ती हात हलवत नव्हती. खिडक्या बघत होती. तिची नजर अधू झालीय, ती मागच्या डब्याकडं बघत होती. मी ओरडले, अक्का. हलगीत काय ऐकू जाणार. गेलं सगळं मागं.

परभणीला उतरलो. पुन्हा सत्कार, आता तिथल्या लोकांनी आमचा. मग समितीच्या गाड्या आल्या होत्या, सगळे ढाब्यावर जेवून रस्त्यानं परत. रशीदभाई नाही आले, ते त्याच गाडीनं पुढं लेकीकडं गेले. मी समितीबरोबर आले. गुडघा दुखत होता, आणि टाकळीला जायला रिक्षा मिळेल न मिळेल. ढाब्यावर मी काही खाल्लं नाही.

२२ डिसें.
पेपरात फोटो. ताट दिसतंय, मी नाही. अक्काला फोन केला, उचलला नाही. शेतात असेल.

३० डिसें., मंगळवार
अध्यक्षांना जाब विचारायला घरी गेले. तिथंच त्यांनी साहेबांना फोन लावला, स्पीकरवर, माझ्यावर छाप पडावी म्हणून. थांब्यांचा विषय काढला. पलीकडून साहेब गोड आवाजात म्हणाले, आपकी माँग तो पूरी हो गई, आपने ही शहर में धन्यवाद के बॅनर लगाए, मैंने उनके फोटो ऊपर भेज दिए. आता नवीन मागणी असेल तर नव्याने या. आणि चाचणीची गाडी चालू ठेवायची की नाही, ते डबे किती भरतात त्यावर.

म्हणजे आमच्याच बॅनरनं आमच्या तोंडाला कुलूप. जगात कुणी असं करत नसेल. हवं ते मिळायच्या आत आभार मानायचे, आणि मग मिळालं असंच समजायचं.

मला वाटलं आता तरी हा माणूस खजील होईल. फोन ठेवून म्हणाला, "बाई, नवी समिती काढू. थांबे बचाव." डोळे चमकत होते त्याचे. अध्यक्ष कोण, ते मी विचारलं नाही.

रशीदभाई काल त्याच गाडीनं हैदराबादहून आले. येताना डब्यात कुणी नव्हतं म्हणाले. छोटी गावं नाहीत तर माणसं चढणार कुठून? बहुतेक तीही बंद करतील, आणि मग पुन्हा रेल रोको.

४ जानेवारी, रविवार
अक्काचा फोन आला. स्वतःहून. गाडीबद्दल मीच बोलले, तावातावानं, सगळ्यांची सालटी काढली. तिनं ते संपू दिलं. मग म्हणाली, "परभनीला उतरलीस ना तू?"

हो म्हणाले.

"मंग हिकडं काहून नाय आलीस?"

गुडघा सांगितला. रिक्षा सांगितली. बरोबरची माणसं थांबली होती, ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. म्हणाली, "इतकी वर्सं येनारी मीच व्हते बघ. गाडी बंद पडली तव्हा ध्यानात आलं."

मला संताप आला. म्हटलं, या गाढवांच्या मेळ्यात मी कुणासाठी बसते? तुझ्यासाठी ना?

"व्हय, बसलीस ना. म्या कुठं नाय म्हनायले." मग म्हणाली, "परकास संक्रांतीला टेंपो घेऊन यायलाय. त्याच्या आधी यायचं आसंल तर ये. एसटीनं ये. तुला कुठं एसटी लागती?"

फोन ठेवल्यापासून मनातल्या मनात तिला उत्तरं देतेय. माझी नोकरी होती. परीक्षा असायच्या, पेपर असायचे. ह्यांचं आजारपण होतं. सगळं खरं आहे. तिच्याही घरी आजारपणं होती, ती मात्र गाठोडं घेऊन यायची. रिटायर होऊन किती वर्षं झाली ते मोजत नाही.

अध्यक्षांचा निरोप आहे, नव्या समितीची बैठक येत्या रविवारी, महिला प्रतिनिधीनं वेळेवर यावं. उत्तर दिलेलं नाही.

परभणीची बस सकाळी असते. प्रवासाची बॅग वर माळ्यावर आहे. स्टूल डुगडुगतं, कुणीतरी धरायला हवं. शेजारी आज कुलूप आहे.