आई, कॅमेरा पुसा

२ फेब्रुवारी

आज फोन अकरा वेळा पुसला. मोजायचं नव्हतं, तरी मोजलं गेलं. हितेशची किडनी बदलून उद्या पाच आठवडे होतील. डॉक्टर म्हणाले होते, "बाहेरचं माणूस नको. हात धुवा, फोन पुसा, साधा ताप आला तरी घेऊन या." चपला दाराबाहेर काढता येतात. फोनचं काय करू? रिक्षात, केमिस्टकडे, भाजीवाल्याकडे तोच हातात — आणि घरी आलं की तोच नवऱ्याच्या गालाला!

४ फेब्रुवारी

सासूबाई गेटपर्यंत आल्या होत्या. चौक गावाहून बस बदलून इथे हाटकेशला, मासळी विकून तशाच. मी वर येऊ दिलं नाही. वॉचमनसमोर म्हणाल्या, "लांबूनच बगीन गो. हात न्हाय लावनार." नाहीच म्हटलं. सुके बोंबील आणले होते, तेही घेतले नाहीत. ठरलं — रोज अकराला व्हिडिओ कॉल.

बोंबील तरी घ्यायला हवे होते. हात पुढे झालाच नाही.

८ फेब्रुवारी

आईंनी कॉलवर दृष्ट काढली! मीठ-मिरच्या मुठीत घेऊन फोनवरून सात वेळा उतरवल्या आणि कडाकडा बोटं मोडली. हितेश हसला. किती दिवसांनी! मी मात्र त्या हाताकडे बघत होते. कोलंबी सोललेला हात, नखांत काळं. फोनमधून जंतू येत नाहीत एवढं मलाही कळतं. तरी नंतर पुसलाच.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस झाले, आईंचा चेहरा धुरकट दिसतोय. नुसता आकार.

"आई, कॅमेरा पुसा."

"पुसला गो."

"मग असं का दिसतंय? खवलं चिकटलंय बघा."

"आसंल."

हितेश म्हणतो, असू दे, आवाज येतोय ना. असू दे कसं? एक काच पुसायची, तेवढंही होत नाही!

१७ फेब्रुवारी

पुन्हा तेच. माझा तोल गेला. ओरडले, "या घाणीपायीच तुम्हाला वर घेत नाही!" हितेशने भिंतीकडे तोंड फिरवलं. आई म्हणाल्या, "बरोबर हाय तुजं." आणि फोन ठेवला.

अशी नव्हते मी. भीतीने माणूस किती वाईट होतं. खूप रडले. रडून झाल्यावर हात धुतले.

१८ फेब्रुवारी

हितेशला ताप, ९९.२. तीनदा मोजला. दुपारी उतरला. माझी भीती नाही उतरली अजून.

२१ फेब्रुवारी

पुसून पुसून स्पिरिट आत गेलं. सकाळपासून स्क्रीन ढिम्म. नणंदेचा, वासंतीचा फोन वाजतोय, नाव दिसतंय, बोट फिरवतेय — उचललाच जात नाही! सात वेळा वाजला. शेवटी शेजारची हेमाली धावत आली. ऑपरेशनच्या वेळी तिचा नंबर मीच वासंतीला दिला होता. "नीलिमाबेन, आपकी ननद का फोन है, जल्दी!" हेमाली कणीक मळत होती, फोनला पीठ लागलेलं. तसाच कानाला लावला.

आई पहाटे गेल्या. कावीळ. दहा-बारा दिवस अंगावर काढली, कुणाला कळू दिलं नाही. वासंती सासरहून काल रात्री उशिरा पोचली तेव्हा डॉक्टरने हात टेकले होते.

हितेशला सांगितलं. म्हणाला, "परवा तर बोलली माझ्याशी." त्याला नेता येत नव्हतं. गर्दी, स्मशान, पन्नास माणसं. मुलगा असून तो इथे पलंगावर बसून राहिला, आणि मी एकटी गेले. आईंच्या पाया पडताना मनात आलं, घरी जाऊन आधी आंघोळ करायला हवी. देवा, हे कसलं मन झालंय माझं!

२६ फेब्रुवारी

वासंती आईंचा फोन द्यायला आली. गेटवरच उभी राहिली. मी सवयीने फडकं काढलं. पुसण्यासारखं काहीच नव्हतं, स्क्रीन लख्ख. फक्त वर कॅमेऱ्यावर सेलोटेपचा बारीकसा तुकडा, कात्रीने नीट कापलेला.

वासंती म्हणाली, "आयनंच लावलाय तो. म्हनं, माजं पिवलं तोंड बगलं तं हितेश धावत यील. त्याला बाधंल."