सोंडवाल्या सिंहाचा डोळा

माघ वद्य पंचमी, दिवेलागण

आज सुनेचं डोहाळजेवण होतं. मी जुने गालिचे जमवतो, त्यातला सगळ्यात दुर्मिळ हौसेनं तिच्या पाटाखाली अंथरला. अकोल्याच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा लिलावात घेतलेला. त्यावर सोंड आणि पंख असलेला सिंह विणला आहे. त्याचा एक डोळा कसरीनं खाल्लेला. चार बायकांनी बघावा, एवढंच मनात होतं. कशाला केली ही हौस?

ओटी भरता भरता माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, खाली पाहिलं आणि सगळ्यांसमोर ओरडली, "काऊन रे, पोटुशीले या भुतावर बसवलं? लेकरू असंच होईन, सोंडेचं अन् काणं! जाळून टाक आजच."

मी हसलो. दुसरं कोणीच हसलं नाही.

असं काही होत नसतं. नसतं ना? तो खाल्लेला डोळा मात्र नजरेपुढून जात नाही.

गालिचा गुंडाळून परसात नेत होतो, तर सून दाराआडून म्हणाली, "मामाजी, जाळू नका जी. मले आवडते तो."

"पोरी, तुले भेव नाही वाटत?"

"वाटते न. पण त्याच्यावर बसली तवाच लेकरानं ढुशी मारली."

म्हणजे लेकराला तो कळला?

जाळवलं नाही. कंदील जवळ ओढून लाल लोकरीचा दोरा ओवला आहे. तो डोळा आताच भरून काढतो. सोंड, पंख देवाच्या हाती. निदान डोळे तरी दोन्ही असू दे.