तिसरा नारळ

सोलापूर. रविवार, संध्याकाळ

तो तिसरा नारळ काही डोक्यातून जात नाही. सकाळी देवापुढं बघितला तेव्हा वाटलं, आमची आई, अव्वा, विसरायला लागली. सासरी निघणाऱ्या आम्ही दोघीच, अक्का आणि मी. ओट्या दोनच भरायच्या. मग तिसरा नारळ कशाला?

महेशनं, आमच्या धाकट्या भावानं, बायकोला इथं टाकून पुण्यात दुसरा संसार मांडला. काका म्हणाले, सविताला आता तिच्या माहेरी पोचवा, आईला समजावा. म्हणून तर आम्ही आलो होतो. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. कसं काय पटलं, देव जाणे.

निघताना अव्वानं आमच्या ओट्या भरल्या आणि म्हणाली, "सविता, बस की." सविता पांढरीफटक पडली. सासूनं ओटी भरली म्हणजे पाठवणीच, असं तिला वाटलं. बॅग भरायला उठली.

"कुटं निघालीस?" अव्वा कडाडली. "घर त्यानं सोडलं, तू न्हाय. लेकींच्या वट्या भरते मी. तू बी लेकच की. उद्या कामावर जा आन् सांजच्याला हितंच ये."

आणि तिसरा नारळ तिच्या पदरात.

अक्का रडली. मी नाही. म्हणजे, थोडीशी.

आत्ता बसमध्ये काकांचा फोन. "समजावलं का आईला?"

माझी मान अशी ताठ कधी झाली नव्हती. म्हटलं, "नाही काका. तिनंच समजावलं, आम्हा तिघी बहिणींना."