बोहारणीला दिलेली पिशवी

१ जानेवारी, सोमवार. सकाळी

संकल्प: या वर्षी हे घर प्लास्टिकमुक्त होणार. वीज, पाणी, कापड, अन्न, काहीही वाया जाणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बायकांची अख्खी शिफ्ट सांभाळली आहे, त्यापुढे मुलुंडचा दोन बेडरूमचा फ्लॅट म्हणजे किरकोळ काम. स्टाफची नोंद करून ठेवते. नंदकुमार, नवरा, निवृत्त, पेपरमागे असतात. सुबोध, मुलगा, पवईला नोकरी. ऋता, सून, लॅपटॉपवर घरूनच नोकरी. गंधाली, नात, दुसरीत. सुपरव्हिजन माझं.

नाश्त्याच्या वेळी संकल्प मोठ्याने वाचून दाखवला. सुबोध म्हणाला, आई, निदान पहिला चहा तरी होऊ दे. ऋता काहीच बोलली नाही. पटलेलं दिसतंय.

७ जानेवारी

गीझरचं गरम पाणी येईपर्यंत गार पाणी फुकट जातं, म्हणून नळाखाली बादली ठेवली. त्या पाण्याने लादी पुसायची. बादलीची ड्युटी ऋताला दिली. तिची आई गेल्या श्रावणात गेली, दहिसरला एकट्याच राहायच्या त्या. तेव्हापासून ऋता फार गप्प असते. अशा वेळी माणसाला काम द्यावं. शाळेत आमच्या सिस्टर बर्नाडेट हेच करायच्या. कोणी रडलं की हातात सुई-दोरा आणि फाटका मोजा.

ऋता बादली विसरते. रोज आठवण करते मी. माझ्याइतकं कोण करणार तिच्यासाठी?

१३ जानेवारी

गंधालीच्या वह्यांना गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची कव्हरं घातली. उत्तम जाड कागद, झाडं वाचली. शाळेतून रडत आली. म्हणे मराठीच्या वहीवर माझ्या अक्षरात 'दूध नाही', 'गॅस आला' आणि 'नंदकुमार जुलाब' असं लिहिलेलं होतं, आणि सगळा वर्ग ओरडून वाचत होता. मी म्हटलं, वर्गाचं वाचन सुधारलं ना! नंदकुमारांनी पेपर खाली केला. फार दिवसांनी त्यांचा पूर्ण चेहरा दिसला.

ऋताने संध्याकाळी वह्यांना नवी कव्हरं घातली. ब्राउन पेपर, विकतचा. मी बोलले नाही. म्हणजे फार बोलले नाही.

२८ जानेवारी

बायो-एन्झाइम. लिंबाची सालं, गूळ आणि पाणी बाटलीत घालून ठेवायचं की लादी पुसायचं नैसर्गिक लिक्विड तयार होतं. बाटलीचं झाकण अधूनमधून सैल करायचं असतं, हे व्हिडिओत शेवटी सांगतात. शेवटपर्यंत बघायला वेळ कोणाला आहे? आज बाटली फुटली. सुबोधचे इस्त्रीचे शर्ट शेजारीच टांगलेले होते. सुबोध म्हणाला, वाट लागली यार. आईशी यार? हे ऑफिसचे संस्कार.

शर्ट धुतले. लिंबाचा सुगंध राहिला आहे, तो बोनस.

१४ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

आजचा दिवस माझा!

स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या बरण्या काढून टाकायच्या तर स्टीलचे मोठे डबे हवेत, आणि विकत घेणं तत्त्वात बसत नाही. आज सपना बोहारीण आली. जुने कपडे दिले की ती भांडी देते. आमच्या सोसायटीत हल्लीच्या मुली तिला दारातूनच घालवतात आणि ऑनलाइन डबे मागवतात. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. माझ्या चार साड्या आणि सुबोधच्या पँटी पुढे ठेवल्या. ती म्हणाली, एवढ्यात एकच डबा होईल मावशी, दोन पाहिजेत तर अजून साड्या काढा. मी म्हटलं, डबे काय चांदीचे आहेत? ती म्हणाली, तुमच्या पँटीला तरी कुठे जरीचा काठ आहे.

मला हार मान्य नाही. ऋताच्या कपाटाच्या तळाशी एक पिशवी सापडली. प्लास्टिकची, तोंड घट्ट बांधलेलं. आत साड्या, घडी न घातलेल्या, धुतलेल्याही नाहीत. खोबरेल आणि बामचा वास मारत होत्या. ही तरुण पिढीची स्वच्छता. ऋता एक दिवस ऑफिसात काय गेली, तिचं कपाट मलाच साफ करावं लागलं. पिशवी तशीच देऊन टाकली. सपनाने दोन मोठे डबे दिले, वर एक गाळणी मी भांडून घेतली.

घरातलं प्लास्टिकही गेलं, जुनं कापडही मार्गी लागलं. ऋता खूश होईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ऋता डबे बघून म्हणाली, छान आहेत आई. मग कपाट उघडलं. बाहेर येऊन विचारलं, आई, माझी खालची पिशवी कुठे आहे? मी सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं, गाळणीसकट. ती कपाटासमोर जमिनीवर बसली. स्वयंपाक केला नाही. मी खिचडी टाकली, नवीन डब्यातल्या तांदळाची.

सुबोध आल्यावर म्हणाला, आई, त्या तिच्या आईच्या साड्या होत्या गं. शेवटी शेवटी नेसायच्या त्या. मी म्हटलं, मग धुऊन, घडी घालून, नीट ठेवायच्या ना! मला काय स्वप्न पडणार होतं? सुबोध म्हणाला, विचारायचं होतंस. मी या घरात विचारून कधी काही केलेलं नाही, आणि घर नीट चाललं आहे.

१६ फेब्रुवारी

ऋता माझ्याशी नीट बोलते. चहा हवा का, औषध घेतलं का. म्हणजे राग नाही. उगीच सुबोध तोंड वाकडं करून फिरतो.

तरी सपनाचा शोध घ्यायचं ठरवलं आहे. चूक झाली म्हणून नव्हे. घरात शांतता हवी म्हणून.

२२ फेब्रुवारी

वॉचमनकडून सपनाचा नंबर मिळाला. घाटकोपरला राहते. नंदकुमार म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, तुम्ही कशाला? तरी आले. रिक्षा गल्लीत शिरेना, चालत गेलो. सपना म्हणाली, मावशी, बाकीच्या बाजारात कधीच गेल्या, एक जांभळी तेवढी मी मला ठेवली, पण अजून पिशवीतून काढली नाही. मी म्हटलं, ती दे. ती म्हणाली, मग डबा द्या. नंदकुमारांनी पिशवीतून डबे काढून तिच्यापुढे ठेवले. घरून न विचारता घेऊन आले होते! दोन्ही डबे! घासाघीस करायला मला संधीच दिली नाही. सपनाने एक ठेवून घेतला, दुसरा आमच्याकडे सरकवला आणि म्हणाली, एकाच साडीचे दोन कसे घेऊ. नंदकुमार तिला थँक यू म्हणाले. बोहारणीला!

परत येताना माझ्या मांडीवर पिशवी. खूप हलकं वाटलं. सगळं आता पहिल्यासारखं होणार.

२३ फेब्रुवारी

नंदकुमार म्हणाले, साडी तशीच दे. पुरुषांना कळत नाही. बोहारणीच्या खोपटात आठवडाभर पडलेली साडी सुनेच्या हातात तशीच कशी देणार? माझ्यावर संस्कार आहेत.

रिठ्याच्या पाण्यात भिजवली, केमिकल नाही. दोनदा खळबळून घेतली. हलकी कांजी. गॅलरीत सावलीत वाळवली. स्वतः इस्त्री केली, घडीवर घडी. गेल्या दहा वर्षांत माझ्या स्वतःच्या साडीसाठी एवढं केलं नाही. बामचा वास एकदम साफ गेला. नव्यासारखी दिसते.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सगळे असताना दिली. ऋताने साडी बघितली आणि तिचा चेहरा असा उजळला की लग्नात पण नव्हता तसा. आई, सापडली? असं म्हणाली आणि साडी दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी धरली.

मग तशीच उभी राहिली. घडी मोडली, आतल्या बाजूने बघितलं, पदराकडून बघितलं. पुन्हा तोंडाशी धरली. मी म्हटलं, रिठ्याने धुतली आहे, रंग अजिबात गेला नाही. ती म्हणाली, हो. साडी टेबलावर ठेवून आत गेली. दार लोटून घेतलं.

नंदकुमार माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, काय झालं आता?

गंधाली म्हणाली, आजी, तू वास का धुतलास? त्यात दहिसरची आजी होती. आई पिशवी उघडायची आणि आम्ही दोघी एकेकदा नाक आत घालायचो. जास्त वेळ उघडायची नाही, नाहीतर आजी संपेल, असं आई म्हणायची.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. सुबोधला माहीत होतं तर त्याने सांगायला हवं होतं. नंदकुमारांना कसं कळलं, विचारलं. ते म्हणाले, कळलं नव्हतं, वाटलं. वाटलं म्हणे!

१० मार्च

सुबोध म्हणाला, पवईला भाड्याने फ्लॅट बघतोय, ऑफिस जवळ पडेल. मी म्हटलं, इतकी वर्षं लांब नव्हतं वाटतं ऑफिस? तो म्हणाला, आई, भांडायचं नाहीये मला. ऋता बटाटे सोलत होती. सालं ओल्या कचऱ्यात टाकत होती, मी शिकवल्याप्रमाणे.

पवईचे भाव बघता काही जमायचं नाही. निश्चिंत आहे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

जमलं. मे महिन्यात जाणार. गंधालीची शाळापण तिकडचीच.

माझा अंदाज: ऋताला घर आणि नोकरी, दोन्ही टोकं झेपणार नाहीत. गंधालीचा डबा, बस, अभ्यास, तिचा खोकला. दिवाळीपर्यंत परत येतील. खोली तशीच ठेवायची, नंदकुमारांना तिथे पेपरची रद्दी ठेवू द्यायची नाही.

१९ मे

गेले. खोक्यांसाठी मी सगळी रद्दी वापरली, बबल-रॅप आणू दिला नाही. कपबश्या मीच गुंडाळल्या. ऋता खाली वाकून पाया पडली. मी म्हटलं, तिकडे गीझरखाली बादली ठेव. दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. गाडी निघाल्यावर आठवलं.

१६ जून

नंदकुमार दर शनिवारी पवईला जातात. जेवून येतात. काय केलं होतं विचारलं तर म्हणतात, छान होतं. गंधाली कशी आहे? छान आहे. खोकला? गेला. ऋता? एकदा तू पण चल ना. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय नाही. शिवाय माझा गुडघा.

लाइट बिल निम्म्यावर आलं आहे. ओल्या कचऱ्याचा डबा दोन-दोन दिवस भरत नाही. कचरा नेणारा अंबादास विचारत होता, बाई, गावाला गेला होतात काय?

२ जुलै

ऋताचा फोन. स्वतःहून! रविवारी गंधालीचा वाढदिवस, या. मी म्हणाले, बघते, जमलं तर.

ठरवलं: गेल्या गेल्या, सगळ्यांच्या आधी, ऋताला स्वयंपाकघरात गाठून सॉरी म्हणायचं. मराठीत जरा अवघड जातं. इंग्रजीत म्हणेन. शाळेत दिवसातून दहादा म्हणायचो, सवय आहे. आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज टेलिफोन एक्स्चेंजसारखा येतो. पुन्हा प्रॅक्टिस करायची.

कोणत्याही गोष्टीवर कॉमेंट करायची नाही.

७ जुलै, रविवार. संध्याकाळी

जाऊन आलो.

घर सुंदर आहे. फुगे होते, थर्माकोलच्या प्लेटा होत्या. एक अक्षर बोलले नाही. नंदकुमार माझ्याकडे बघत होते, मी बोलतेय का म्हणून. स्वयंपाकघराकडे गेले तर ऋता लगबगीने बाहेर आली, म्हणाली, तुम्ही का उठलात? बसा ना, मी आणते सगळं. मला सोफ्यावर बसवलं. कपबशी नवी होती, पाहुण्यांची. एसी वाढवू का, उशी देऊ का, सगळं विचारलं. मी हो म्हणाले. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. इतकी सरबराई मी फक्त परक्या माणसांची करते.

गंधाली उंच झाली आहे. गळ्यात पडली, मग मैत्रिणी आल्या आणि पळाली. निघताना म्हणाली, आजी, तू आमच्याकडे पुन्हा कधी येशील?

सॉरी म्हणायचं राहिलं. म्हणजे एकदा दोघी एकट्याच होतो, सुबोध केक कापायची सुरी शोधत होता तेव्हा. मी म्हणाले, ऋता. ती म्हणाली, काय आई? मी म्हणाले, चहा छान झाला होता.

हात धुवायला बेडरूमच्या बाथरूममध्ये गेले. येताना ऋताचं कपाट दिसलं. लाकडी, साधं, त्याला कुलपाची सोय नाही. दोन्ही मुठींतून साखळी ओवून पितळी कुलूप लावलं होतं. नवंकोरं. साखळीवर दुकानाचं लेबल तसंच होतं, म्हणजे एखाद-दुसऱ्या दिवसापूर्वीच आणलेलं.

त्या घरात तीन माणसं राहतात. बाकी आज आले होते ते मैत्रिणी, नंदकुमार आणि मी.