कानात सांगितलेले नाव रकान्यात भरण्याबाबत

दिनांक : २० मार्च २०२५

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी
तथा ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे पिंपळदरा,
पो. विंझर, ता. राजगड (पूर्वीचे वेल्हे), जि. पुणे

अर्जदार : श्रीमती ठकुबाई गेनू भुरुक, वय ७९ वर्षे, निवृत्त बालवाडी शिक्षिका, रा. सदर

विषय : धनाजी भुरुक यांच्या मुलीच्या नावाचा रकाना ‘राजनंदिनी’ असा न भरता ‘साळू’ असा भरण्याबाबत.

संदर्भ : १) सदर मुलीची जन्मनोंद, दि. ७ नोव्हेंबर २०२४, नाव कोरे.
२) आपले व धनाजीचे बोलणे, दि. १७ मार्च, कार्यालयाच्या पायरीवर.

महोदय,

१. येत्या सोमवारी, दि. २४ रोजी, माझ्या भावाचा नातू धनाजी आपल्याकडे मुलीचे नाव भरायला येणार आहे. तो ‘राजनंदिनी’ असे सांगेल. ते भरू नये, अशी माझी विनंती आहे. कारण पुढे येते. तोवर कृपया पेनाचे टोपण काढू नये.

२. आपण या गावात नवे आहात म्हणून माझी थोडी माहिती देते. मी याच गावची लेक. लग्न होऊन दोन वर्षांत माहेरी परत आले, त्याचे कारण या अर्जास लागू नाही. पुढे एकतीस वर्षे गावची बालवाडी चालवली. आपल्या कार्यालयात शिपाई, सदस्य आणि माजी सरपंच म्हणून जे बसतात, त्या सर्वांची नाके मी पुसलेली आहेत. डाव्या कानाने मला मुळीच ऐकू येत नाही, उजव्याने बरे येते. तरी प्रत्यक्ष बोलायचे झाल्यास उजवीकडे बसावे.

३. मुलीच्या जन्माची हकीकत आपल्या वहीत ‘घरी’ अशी नोंदली आहे. ते खरे नाही, पण खोटेही म्हणवत नाही. धनाजीची बायको अश्विनी भोरची. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच करायचे ठरले होते. दिवस भरण्याच्या आधीच तिच्या पोटात दुखू लागले. त्या वेळी कापूरहोळचा याकूब आमच्या खळ्यावर टेम्पो घेऊन भाताची पोती न्यायला आला होता. पोती उतरवायला वेळ नव्हता. अश्विनीला पोत्यांवर गोधड्या टाकून निजवले, मी व भावजय बनाबाई शेजारी बसलो, आणि ओढ्याच्या पुलावर, म्हणजे आपल्याच हद्दीत, पोर भातावर जन्मली. याकूब पुढे बसून नुसता देवाचा धावा करत होता. पोरीचा आवाज ऐकला तेव्हा त्याला कंठ फुटला. म्हणाला, “मावशी, नाव शोधत बसू नका. टेम्पोच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तेच ठेवा.” टेम्पोच्या मागे त्याच्या लेकीचे नाव लिहिले आहे, गुलफशा. आम्ही हसलो, पण माझ्या मनात त्याच वेळी दुसरे नाव आले होते. तेही फार दिवसांनी.

४. बारसे बाराव्या दिवशी, दि. १८ नोव्हेंबरला झाले. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, आणि ती वाकून सांगत असता बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे आपणास माहीत असेलच. धनाजीला सख्खी किंवा चुलत बहीण नाही. या घरात तीन पिढ्यांची आत्या मीच. तेव्हा तो मान माझ्याकडे आला. धनाजीने आधी चार वेळा पाठ करून घेतले. “आजी, राजनंदिनी म्हणायचं. राजगडाच्या पायथ्याची पोर हाय, नाव बी तसंच पायजे. इसरू नगंस.” मी म्हटले, “आरं, म्या तुला पाढं शिकवलं, मला काय शिकवतोस?” तो बाहेर घुगऱ्या वाटायला व मोबाईलवर फोटो काढायला गेला.

मी पाळण्यावर वाकले तोपर्यंत तोंडात राजनंदिनीच होते, हे शपथेवर लिहिते. पण बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि साळू असे आले. एकदाच. पाठीत बनाबाईचा एक धपाटा बसला, मग दुसरा. तिचा हात फार जड आहे. मग सरळ होऊन मी सर्वांदेखत मोठ्याने “राजनंदिनी” असे सांगितले. म्हणजे कानात एक आणि बाहेर एक. गेले चार महिने मी हे कोणास बोलले नाही. आज आपल्याजवळ कबूल करते.

५. १७ मार्चला आपण धनाजीला विचारलेत की, राजनंदिनी नावाचा अर्थ काय. त्याने “राजाची पोरगी” असे सांगितले व आपण मान डोलावलीत. मग साळूचाही अर्थ सांगण्याची मुभा मला असावी. साळ म्हणजे टरफलातले भात, ज्याचा अजून तांदूळ झालेला नाही ते. आमच्या खोऱ्यात भाताशिवाय दुसरे मोठे पीक नाही. कापणी-झोडणीच्या दिवसांत जन्मलेल्या मुलीचे नाव साळू ठेवत, कारण त्या दिवसांत घरात जे चांगले असे ते हेच. भोरचे एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, “साळू म्हणजे शालिनीचंच बिघडलेलं रूप.” मी त्यांना विचारले, “गुरुजी, आमच्या गावात पहिली शालिनी बासष्ट साली लग्न होऊन आली. मग त्याआधीच्या चौदा साळू कशापासून बिघडल्या?” त्यांनी चहा मागवला.

६. आता नाव किती चालते ते. बालवाडीच्या हजेरीवह्या नियमाप्रमाणे जमा केल्या, पण नावांच्या याद्या मी माझ्या वहीत उतरवून ठेवल्या आहेत. १९७४ साली एकोणीस मुलींत तीन साळू होत्या. १९८१ साली एक. १९८६ नंतर एकही नाही. त्याच सुमारास सुलक्षणा आल्या आणि गेल्या. मग अश्विनी आल्या त्या जाईनात. १९९४ साली एका वर्गात पाच अश्विनी होत्या. हाक मारली की पाचही उठत, म्हणून मी त्यांना लांब अश्विनी, गिड्डी अश्विनी, ओढ्यापल्याडची, रडकी आणि नुसती अश्विनी अशी नावे पाडली होती. रडकीची माफी मी तिच्या लग्नात मागितली. आज आपल्या अंगणवाडीत जाऊन पाहावे. सतरा मुलींत चार राजनंदिनी आहेत. सेविका त्यांना नंबराने बोलावते. आमची गेली की पाचवी होईल. धनाजीच्या मोबाईलमध्ये मुलींच्या नावांचे एक पुस्तक आहे. त्यात हजारो नावे आहेत आणि साळू नाही. मी स्वतः बोटाने सरकवून पाहिले. तेव्हा हे नाव या मुलीस दिल्यास संपूर्ण तालुक्यात एकच असेल व आपल्या कार्यालयास पुढे कधीही घोटाळा होणार नाही. हा मुद्दा प्रशासनाच्या सोयीचा आहे, म्हणून खाली रेघ मारली आहे.

७. महोदय, इथवर लिहून दोन दिवस थांबले होते. आता जे लिहायचे ते लिहिते.

साळू माझी थोरली बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. शाळा ओढ्यापलीकडे होती, आणि वडील म्हणाले की दोघींपैकी एक शिकेल, एक गुरांमागे जाईल. साळू लगेच म्हणाली, “ठकीला धाडा. मला गुरं वळखत्यात.” मी पहिलीत असताना तिने मला रोज कडेवर घेऊन ओढा ओलांडला. माझ्या पाटीला पाणी लागू नये म्हणून पाटी ती डोक्यावर धरी. संध्याकाळी मला विचारी, “आज काय शिकवलं?” मी सांगे, आणि ती दुसऱ्या दिवशी तेच गुरांना सांगे. सतराचा पाढा आमच्या म्हशीला येत होता असे वडील म्हणत.

१९५७ च्या श्रावणात तिला ताप आला. पाच दिवसांत गेली. सोळा वर्षांची होती. लग्न नाही, शाळा नाही, रेशनकार्ड नाही, फोटो नाही. पुढे मी नोकरीत सारी वर्षे लोकांच्या पोरांची नावे वहीत लिहीत राहिले, आणि एक दिवस ध्यानात आले की साळूचे नाव कुठल्याच वहीत नाही. तालुक्याला जाऊन गावच्या जन्म-मृत्यूंचे जुने कोतवाल बुक काढायला लावले. मोडीतले ते पान त्याच शालिनीवाल्या गुरुजींनी वाचून दिले. नोंद आहे. “गेनू भुरुक यांस मुलगी झाली.” एवढेच. त्या बुकात मुलीच्या नावाला रकानाच नव्हता. गुरुजी म्हणाले, “ठकुबाई, त्या काळी सगळ्यांचंच असं.” मी म्हटले, “सगळ्यांचं राहू द्या. मी एकीचं विचारते.”

आमच्या अंगणात “साळू” अशी हाक १९५७ नंतर कोणी मारली नाही. आईला सोसत नव्हते म्हणून घरात ते नाव घेणेच बंद झाले. आपल्या वहीत आता रकाना आहे, आणि तो कोरा आहे. माझी मागणी यापेक्षा मोठी नाही.

८. कायद्याचा मुद्दा. आधी कानात सांगितले ते नाव, मागाहून बाहेर सांगितले ती नुसती जाहिरात. पहिली नोंद ग्राह्य धरावी, असे आपल्याच खात्यात फेरफाराच्या वेळी म्हणतात. पुरावा पाहिजे असल्यास ज्यांनी धपाटे घातले त्या अकरा बायकांना साक्षीला बोलावते. त्यांनी नाव ऐकले नसेल, पण मी काहीतरी बोलले एवढे माझ्या पाठीवरून त्या सांगतील. तेही पुरेसे नसल्यास सोमवारी सकाळपासून मी आपल्या कार्यालयाच्या पायरीवर बसून राहीन. उपोषण म्हणता येणार नाही, कारण मला गोळ्यांबरोबर खावे लागते. तरी डबा आणून बसेन.

९. पुढील मजकूर रविवारी, दि. २३ रोजी लिहिला आहे.

नाव भरण्याचा अर्ज आईबापांच्याच सहीने चालतो, आजीच्या नाही, असा नियम असल्याचे आपल्या शिपायाने मला काल सांगितले. त्याला पाढेही उशिरा आले होते, पण हे त्याचे बरोबर निघाले. तेव्हा हा अर्ज अश्विनीला दाखवणे भाग पडले. ती शेंगा फोडत बसली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवले आणि गोठ्यात निघून गेले. पोरीचे नाव आईबापांनी हौसेने ठरवलेले, आणि मी ते तिच्या पाठीमागे बदलले. ती रागावली तर तिचा हक्क आहे, अशी मनाची तयारी केली.

बऱ्याच वेळाने ती आली. माझ्या उजव्या बाजूला बसली.

“आत्याबाई,” म्हणाली, “तुमाला काय वाटतं, तुमी कानात हळू सांगितलंत?”

मी म्हटले, “मग?”

“अवं, ज्याला ऐकू कमी येतं त्याचं कुजबुजणं भोरच्या बाजारात ऐकू जातं. पाळण्याजवळ हुत्या त्या समद्या बायांनी ऐकलं. बनाआजीनं दुसरा धपाटा उगीच घातला व्हय? ती रडत हुती.”

मी विचारले, “मग कोणी बोललं का नाही?”

“तुमी बोलाल म्हणून थांबलो. बनाआजीनं साळूआत्याची समदी गोष्ट मला त्याच रात्री सांगितली. आनि मी काय म्हणते, शाळेत मी अश्विनी नंबर तीन हुते. पोरीला नंबर नको. उद्या मी सोबत येणारच हुते, तिथं सायबांना हेच सांगणार हुते.”

धनाजीने मोटारसायकलच्या मागे राजनंदिनी असे रंगवून घेतले आहे, त्याचे काय, असे मी विचारले. अश्विनी म्हणाली, “गाडी राजनंदिनी, पोरगी साळू. त्यांची सही मी आणते.”

मग तिने मला माझाच राग यावा अशी गोष्ट सांगितली. बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून घरातल्या आणि वाडीतल्या बायका पोरीला साळूच म्हणतात. धनाजी घरात नसला की पाळण्यापासून, ओट्यावरून, विहिरीकडून. याकूबसुद्धा पोती न्यायला आला की टेम्पोतूनच ओरडतो, “साळू हाय का गं घरात?” मी अंगणात बसलेली असते आणि सगळे माझ्या डाव्या बाजूने बोलतात.

म्हणजे महोदय, जी हाक ऐकावी म्हणून मी हे पाच कागद भरले, ती चार महिने आमच्या अंगणात रोज पडत होती. ती न ऐकलेली या गावात मी एकटीच होते, आणि धनाजी.

अश्विनी उठून पोरीला घेऊन आली, माझ्या उजव्या कानाशी धरली आणि हाक मारली. पोर वळून हसली. मी ऐकले.

तरी परिच्छेद आठमधील पायरीवर बसण्याचा इशारा मी मागे घेत आहे. डबा मात्र आणीन, कारण आपण घरापासून लांब राहता व दुपारी बिस्किटे खाता असे समजते. बाकी मागणी कायम आहे. अक्षर सुवाच्य काढावे. शाई निळी चालेल.

आपली नम्र आणि गुन्हा कबूल असलेली,

ठकुबाई गेनू भुरुक
(स्वतः लिहिले, स्वतः सही केली)

सोबत :
१) कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल, १९४१. नावाला रकाना नाही.
२) मुलीच्या जन्मनोंदीची प्रत. रकाना आहे, नाव नाही.
३) आईची सही. बापाची सही सोमवारी सकाळी दहापर्यंत.
४) साळू धनाजी भुरुक, वय साडेचार महिने. हाक मारून खात्री करून घ्यावी. मूळ प्रत आहे, पाहून लगेच परत करावी.