घरघरीत केलेली उजळणी

गुरुजी,

एक गंभीर तक्रार आहे. वैजापूरच्या बाजारात कापसाचे डोंगर लागतात, आणि आमच्या खात्याच्या विमानात कानात घालायला बोंडभरही मिळत नाही. मी दरवर्षी अर्ज करतो. उत्तर येतं, "मागणी विचाराधीन आहे." मोक्षसुद्धा इतका काळ विचाराधीन नसावा.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी माझी मुंज झाली आणि तुमच्या ओसरीवर वेदांची संथा सुरू झाली. तुम्ही एकदा म्हणायचं, मी दोनदा. पोथी उघडली की तुम्ही ती उचलून कोनाड्यात ठेवायचात. "स्वर कुठं चढला ते कागद सांगणार आहे का तुला?" मग माझ्याकडे पाठ करून डाळिंब सोलता सोलता एकेक चूक पकडायचात.

एवढं शिकून मी चिकटलो हवाई मोजणीत. एका पंख्याचं चिमुकलं विमान. फुलंब्रीपासून फर्दापूरपर्यंत खालच्या जमिनीचे फोटो निघतात, मी मांडीवरच्या वहीत नोंदी करतो. पत्रा थरथरतो, दात थरथरतात, शेजारचा वैमानिक ओरडतो ते नुसतं दिसतं. पहिल्याच दिवशी उतरल्यावर तो म्हणाला, "पंडितजी, वर खुशाल मंत्र म्हणा. देवालाबी ऐकू जायचं नाय." मी खरंच रोजची उजळणी तिथं उरकू लागलो. माझं मलाही ऐकू येत नसे.

नोकरीचे पेढे घेऊन आलो तेव्हा भर चैत्रात तुम्ही लोकरीची कानटोपी दिलीत. "घालत जा. हसले तर हसू दे." लोक हसतील म्हणून मी ती एकदाही घातली नाही.

आता तुमची नात माझ्याकडे संथेला येते. मुलीला संथा, म्हणून रागावू नका. तुमच्या मुलांपैकी कुणी फिरकलं नाही, आणि तुमच्याकडून शिकलेला मीच एक उरलोय. परवा ती म्हणाली, "काका, हल्ली तुम्ही मला अडवतच नाही. आजोबा तर रडवायचे म्हणे."

"तू हुशार आहेस. उगाच कशाला अडवू?"

खूश झाली. पुढच्या महिन्यापासून ती स्वतः चार जणींना शिकवणार आहे.

तुम्ही गेलात तिथं हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहितोय. कान अधू झाल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण ते वाटत नाही. बोलणं मला कळतं, गुरुजी. स्वराचा चढउतार दिवाळीपासून कळत नाही. तिचे ओठ थांबले की मी मान हलवतो. तिच्या चुका तुमच्या म्हणून पुढं जातील, याची भीती आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.